बिल गुपचूप भरू नका, सँडविच वाटून खा

प्रिय ताई,

आम्ही पाच जणी गेली नऊ वर्षं रोज सकाळी एआरएआय टेकडीवर फिरायला जातो. सगळ्या साठीच्या अलीकडे-पलीकडे. कल्याणीनगरला सँडविचची एक 'डेली' सुरू झाली आहे आणि आमच्यातल्या एकीने तिथे जायचा ध्यास घेतला आहे. भाचीने फोनवर मेन्यू पाठवला. एक सँडविच ४२० रुपयांचं! त्यातले निम्मे शब्द मला वाचता आले नाहीत. एक मैत्रीण पक्की शाकाहारी आहे, चातुर्मास पाळते. दुसरीला मधुमेह, वर कवळी, गुडघेही दुखतात. चिकन फक्त मी आणि ती हौशी मैत्रीण खातो. मागे एका कॅफेत काउंटरवरचा मुलगा इतकं भरभर इंग्रजी बोलला, की मी नुसती मान हलवली आणि जे आलं ते गिळलं. तेव्हापासून अशा जागांची धास्ती बसली आहे.

खरी काळजी वेगळी आहे. आमच्यातल्या एकीच्या मिस्टरांचं दुखणं दोन वर्षं चाललं आहे. हात तंग आहे, त्याबद्दल ती बोलत नाही. पण हल्ली बाहेर खायचं निघालं की तिला उपास असतो नाहीतर पाहुणे येतात. दुपारी मिस्टर झोपले, की चारनंतर तेवढी माझ्याशी फोनवर मोकळं बोलते. मी तिचे पैसे हळूच भरून टाकू का? की बेतच रद्द करू? मुलगा म्हणतो, या वयात कशाला, सँडविच घरी करून खा.

– एक वाचक, कोथरूड

प्रिय मैत्रीण,

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो सुटला की बाकीचं सोपं आहे. तिचे पैसे गुपचूप भरू नका. बेतही रद्द करू नका.

हे मी ऐकीव सांगत नाही. दहा-अकरा वर्षांपूर्वी आम्ही ऑफिसातल्या जुन्या चौघी पुण्याच्या लष्कर भागात एका कॅफेत भेटलो होतो. एकीच्या घरी तेव्हा ओढाताण होती, आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिने 'भूक नाही गं' म्हणून फक्त लिंबू सोडा मागवला. मी हात धुवायला म्हणून उठले, काउंटरवर सगळ्यांचं बिल भरलं आणि परत येऊन म्हटलं, 'चला, झालं.' दोघी खूश झाल्या. तिने पर्स उघडली. आतून कागदाची एक घडी काढली, घडीत शंभराची एक आणि विसाच्या दोन नोटा होत्या. घरून मोजून आणलेल्या. तिने त्या टेबलावर हाताने सरळ केल्या, बशीखाली सरकवल्या आणि म्हणाली, 'मग हे वेटरला राहू देत.' आपल्या सोड्याचे पैसे द्यायची पूर्ण तयारी करून ती आली होती. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

त्यानंतर दीड वर्ष तिने आपणहून मला फोन केला नाही. भेटलो की नीट बोलायची, पण खाऊन आलेली असायची. शेवटी मीच विषय काढला तेव्हा म्हणाली, 'तू पैसे भरलेस त्याचं काही नाही. मला विचारलं नाहीस.' मी तिची माफी मागितली, आणि आजही ते आठवलं की वाईट वाटतं. मदत म्हणून केलेली गोष्ट समोरच्याला मिंधं करून जाते, आणि आपल्याला तेव्हा पत्ताही लागत नाही.

म्हणून तुम्ही बेत असा आखा, की कुणी कुणाचे पैसे भरायची वेळच येऊ नये. तुमच्यासारख्या गटाला परवडण्याचा प्रश्न येतो तो 'तुझं तू, माझं मी' या हिशेबामुळे. प्रत्येकीने आपापलं सँडविच आणि आपापली कॉफी मागवायची ठरवली, तर एकेकीचे सहाशेच्या वर जातील. त्याऐवजी पाच जणींत तीन सँडविच मागवा. अशा ठिकाणचं सँडविच आपल्या स्लाइसब्रेडच्या त्रिकोणी सँडविचसारखं नसतं. ब्रेड जाड असतो, आत भरपूर भरलेलं असतं, बाजूला वेफर्स किंवा थोडं सॅलड असतं. सकाळी पोहे खाऊन निघालेल्या साठीच्या बाईला अख्खं जातच नाही. तेव्हा 'मला एक अख्खं संपायचं नाही, आपण वाटून घेऊ' असं तुम्ही म्हणालात, तर ते शंभर टक्के खरं असेल.

हिशेब करून बघा. ४२० रुपयांची तीन म्हणजे १२६०. त्यावर पाच टक्के जीएसटी ६३ रुपये. झाले १३२३. पाचांत वाटले तर एकीला २६५ रुपये. कॉफी तिथे घेऊ नका. तिथली कॉफी चांगलीच असेल, पण पाच कपांनी बिल एकदम दीडपट होईल. बाहेर पडून जे पहिलं अमृततुल्य दिसेल तिथे उभ्याने चहा घ्या. प्रत्येकीने तीनशे काढायचे ठरवलं, तर सँडविच आणि चहा होऊनही थोडे उरतील.

आणि हे तीनशे आदल्या दिवशी टेकडीवरच गोळा करा, भिशीचे करतो तसे. सगळे त्या हौशी मैत्रिणीच्या हातात द्या, बिल तीच भरेल. हॉटेलच्या टेबलावर पाच पर्स उघडणं, फोनवर कोड दाखवणं, 'तुझे किती, माझे किती' करणं यात ज्याचा हात तंग असतो त्याचा जीव सगळ्यात जास्त टांगणीला लागतो. ते टेबलावर होऊच देऊ नका. ४२० मध्ये टॅक्स धरलाय की नाही तेवढं फोनवर आधी विचारा. बिलात 'सर्व्हिस चार्ज' लावलेला दिसला तर तो काढायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं आहे, की हॉटेलने तो आपोआप बिलात घालायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. जीएसटी मात्र द्यावाच लागतो.

आता प्रश्न असा, की तीनशेसुद्धा तिला जड असतील का. असू शकतील. आजारपणाच्या घरात तीनशे रुपये म्हणजे औषधाची एखादी पट्टी असते. म्हणूनच आकडा ग्रुपवर टाकण्याआधी तिला विचारा. 'तुला जमेल का' असं विचारू नका. त्या प्रश्नाला स्वाभिमानी माणसाचं उत्तर 'हो' तरी असतं नाहीतर 'मला उपास आहे'. 'आम्ही तीनशेच्या आत बसवायचं म्हणतोय, तुला काय वाटतं, की आणखी खाली आणू?' असं विचारा. तिला नुसता होकार-नकार द्यायला लावू नका, आकडा ठरवण्यात घ्या. ती म्हणाली दोनशे, तर दोन सँडविच मागवा आणि टेबलावर जास्त वेळ बसा. ती 'नकोच' म्हणाली, तर तो नकार ऐका आणि पुढच्या वेळचं ठिकाण तिला निवडू द्या. आणि बाकीच्या तिघींशी तिच्याबद्दल अवाक्षर बोलू नका. तिने तुम्हालासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्ही ओळखलं आहे, ते तुमच्याजवळच राहू दे.

आता तुमच्या त्या मेन्यूतल्या सँडविचकडे येते. मला या विषयाची मनापासून आवड आहे, त्यामुळे जरा लांबेल.

'डेली' हा 'डेलिकेटेसन' या जर्मन शब्दाचा छोटा झालेला अवतार. चविष्ट, निवडक तयार खाण्याचं दुकान असा त्याचा साधा अर्थ. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या ज्यू कुटुंबांनी न्यूयॉर्कमध्ये अशी दुकानं चालवली आणि तिथे सँडविच हेच त्यांचं मुख्य काम झालं. तिथलं कॅट्झ डेलिकेटेसन १८८८ पासून आहे. काउंटरमागे मांस, चीज, लोणच्याच्या काकड्या, मोहरी असं सगळं मांडलेलं, आणि समोरचा माणूस तुमच्या सांगण्याप्रमाणे कापून, भरून देणार. म्हणजे या दुकानाची रीतच मुळी गिऱ्हाइकाने विचारण्याची आणि सांगण्याची आहे. भाजीवाल्याला आपण 'कोवळी भेंडी बघून दे' म्हणतो, तितकंच ते साधं आहे. त्या दिवशी तुम्ही मान हलवलीत यात तुमचं काही चुकलं नाही. त्या मुलाने थांबायला हवं होतं.

या वेळी पहिलं वाक्य मराठीतच बोला. कल्याणीनगर असलं तरी पुणंच आहे, काउंटरमागच्या मुलाला मराठी येत असण्याची शक्यता चांगली असते, नाहीतर हिंदी तरी येतंच. 'दादा, जरा सावकाश सांगा, आम्ही पहिल्यांदा आलोय' एवढं म्हटलं, की बहुतेक मुलं खुलून सांगायला लागतात. दिवसभर घाईत ऑर्डर देणाऱ्या लोकांपुढे उभं राहिल्यावर कुणीतरी आपल्या कामाबद्दल विचारलं तर त्यांनाही बरं वाटतं. उच्चार येत नसेल तर मेन्यूवर बोट ठेवा. मीही कित्येकदा ठेवते.

जे शब्द तुम्हाला अडले, त्यातले बरेचसे ब्रेडचे आहेत. 'सावरडो' म्हणजे आंबवलेल्या पिठाचा ब्रेड. त्याला विकतचं यीस्ट लागत नाही. पीठ आणि पाणी काही दिवस आंबवून एक विरजण तयार करतात, त्यातलं थोडं नेहमी राखून ठेवतात, रोज त्याला नवं पीठ-पाणी घालतात, आणि त्यावर ब्रेड फुगवतात. आपण कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला लावतो, तीच गोष्ट. म्हणून त्याला किंचित आंबूस चव असते. त्याची कड मात्र चांगलीच कडक असते. कवळी असलेल्या मैत्रिणीला सावरडोचं भाजलेलं सँडविच देऊ नका. तिच्यासाठी 'फोकाचा' बघा. हा इटलीतला ब्रेड ऑलिव्ह तेलात मऊ, लुसलुशीत होतो, वर बोटांनी खळगे पाडलेले असतात. 'चाबाटा' या दोघांच्या मधला, आतून जाळीदार, बाहेरून थोडा चिवट. त्या शब्दाचा इटालियन अर्थ सपाता, कारण ब्रेडचा आकार तसाच चपटा असतो. नाव जुनं वाटलं, तरी हा ब्रेड एका इटालियन बेकरने १९८२ मध्ये बनवला. आपल्या पावाचं नाव पोर्तुगिजांकडून आलं, त्या मानाने हा अगदी कालचा पोर.

मधुमेहाच्या मैत्रिणीला सांगा, की 'ब्राउन' आणि 'मल्टिग्रेन' या शब्दांवर जाऊ नये. रंग कॅरॅमलनेही येतो, आणि वरून चार तीळ-जवस पेरलेला मैद्याचा ब्रेडही मल्टिग्रेन म्हणून विकतात. 'यात मैदा किती, कणिक किती' हा प्रश्न सरळ विचारावा. सावरडोसुद्धा बहुतेक ठिकाणी मैद्याचाच असतो, तो आंबवलेला आहे म्हणून मनसोक्त खायचा नसतो. तिच्यासाठी तुमचा वाटून खायचा बेत आपसूकच चांगला आहे. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाची वेळ पुढे ढकलू नका. शनिवार-रविवारी दुपारी एकला अशा जागी अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं. मधल्या वारी सव्वाअकरा-साडेअकराला पोहोचा.

आता सॉस. इथे तुम्हाला परकं वाटायचं काहीच कारण नाही. ते लोक ज्याला 'मस्टर्ड' म्हणतात ती आपली फेसलेली मोहरीच. आपण लोणच्यासाठी मोहरी फेसतो तेव्हा जी झणक नाकातून थेट डोक्यात जाते, तीच झणक 'डिजॉन'मध्ये असते, फक्त ती मोहरी आंबट द्रावात वाटलेली असते. 'साउअरक्राउट' म्हणजे बारीक चिरलेला कोबी मिठात आंबवलेला. 'पेस्टो' म्हणजे तुळशीच्या जातीची बेसिलची पानं, लसूण, ऑलिव्ह तेल, चिलगोजा किंवा काजू आणि चीज यांची चटणी. सँडविचला हिरवी चटणी लावायचं शहाणपण काही आपल्यापुरतं नाही. 'पेस्ट्रामी' ऐकायला अवघड, पण त्याचा मसाला ऐका. मांस बरेच दिवस मिठाच्या पाण्यात मुरवायचं, वर धणे आणि मिऱ्यांची जाडसर भरड थापायची, धुरी द्यायची आणि मग वाफवायचं. धणे-मिरे आपल्या गोड्या मसाल्याच्या डब्यातले.

पेस्ट्रामी मुळात गोमांसाची असते. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला आधीपासून आणि बैल, वळू यांच्या कत्तलीला २०१५ पासून बंदी आहे, म्हणून इथे ती म्हशीच्या मांसाची, चिकनची किंवा टर्कीची करतात. मेन्यूत 'बफ' लिहिलं असेल तर ते म्हशीचं. 'हॅम', 'बेकन', 'सलामी' बहुधा डुकराचं, पण चिकनचंही मिळतं. तुम्ही दोघी फक्त चिकन खाता, तेव्हा 'हे कशाचं आहे' हे नाव घेऊन विचारा. नुसतं 'नॉनव्हेज आहे ना' विचारून भागत नाही.

शाकाहारी मैत्रिणीसाठी जरा जास्त चौकशी लागेल, आणि ती तिला करावी लागू नये, तुम्ही करा. मेयोनीज मूळचं कच्च्या अंड्याचं असतं. आपल्याकडे बिनअंड्याचं सर्रास मिळतं, पण डेली स्वतःचं बनवत असेल तर अंडं असू शकतं. पेस्टोत घालतात ते परमेसान चीज अस्सल इटलीचं असेल, तर ते दूध फाटवायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, तिकडच्या नियमानेच. भारतात बनलेल्या हिरव्या ठिपक्याच्या चीजमध्ये तो प्रश्न नाही. 'चीज इथलं आहे की बाहेरचं' एवढं विचारलं की समजतं. आणि सुरी-पाट वेगळे आहेत का, ग्रिलवर चिकन आणि भाजी एकत्र दाबतात का, हेही. ग्रिल एकच असेल तर तिचं सँडविच न भाजता घ्यावं. हे विचारताना कुणी तोंड वाकडं केलं, तर ती जागा तुमच्या गटासाठी नाही, इतकं समजून उठायलाही हरकत नाही.

तिच्या चातुर्मासावरून एक सांगते. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडकडे गेली त्याच आठवड्यात तुमचं पत्र हातात पडलं. म्हणजे आषाढी जवळ आली. एकदा एकादशी झाली की कार्तिकीपर्यंत तिला कांदा नाही, लसूण नाही, वांगंही नाही. आणि अशा दुकानाची शाकाहारी सँडविच बहुतेक याच तीन गोष्टींवर उभी असतात. भाजलेलं वांगं आणि ढोबळी मिरची, मंद आचेवर तासभर परतून तपकिरी, गोड केलेला कांदा, लसणाचा पेस्टो, हमस म्हणजे छोल्यांची लसूण घातलेली चटणी. एकादशीनंतर गेलात तर तिच्या वाट्याला काकडी-टोमॅटो येईल आणि बाकीच्या चौघी तिच्यासमोर खातील. म्हणून कांदेनवमीच्या आत जा. खरं तर कांदेनवमीलाच जा. घराघरांत त्या दिवशी भजी आणि कांद्याची थालीपिठं होतात, तुम्ही पाच जणींनी परतलेल्या कांद्याचं सँडविच खाऊन ती साजरी केलीत तर तिला किती गंमत वाटेल! सणाच्या निमित्ताने निघालं की बेताला सहज कारणही मिळतं, आणि ज्या मैत्रिणीला तुम्ही जपताय तिलाही 'हॉटेलात खर्च करायला चाललोय' असं वाटत नाही.

तीन सँडविच अशी मागवा: दोन शाकाहारी, एक चिकनचं. शाकाहारीतलं एक फोकाचात, मऊ. चिकनचं वेगळ्या ताटलीत आणायला सांगा. शाकाहारी दोन्हींचे तीन-तीन तुकडे करून घ्या, चिकनचे दोन. आठ तुकडे होतात, पाच जणींना पुरतात. कापून द्यायला काउंटरवरच सांगा. त्यांच्या लांब दात्यांच्या सुरीने कडक ब्रेड सुबक कापला जातो, टेबलावरच्या सुरीने सगळा मसाला बाहेर येतो.

फोन कराल तेव्हा बसायला उंच स्टूल आहेत की पाठीच्या खुर्च्या, तेही विचारा. गुडघेदुखीच्या बाईला त्या स्टुलावर चढवणं म्हणजे छळ आहे. जायला मेट्रो घ्या. वनाज किंवा आयडियल कॉलनीला बसलात की न बदलता थेट कल्याणीनगर, पुढे रिक्षा. मार्च २०२४ पासून ही गाडी रामवाडीपर्यंत जाते, आणि पाच जणींना दोन रिक्षा करून कोथरूडहून जाण्यापेक्षा फार स्वस्त पडते. सकाळी दहानंतर बसायलाही जागा मिळते. संगम पुलाच्या बाजूला नदी दिसते तेव्हा खिडकीशी बसा.

तुमच्या मुलाचं म्हणणं मला पटलं नाही. तो वाईट हेतूने बोलला नसेल. पण घरच्या सँडविचची तुम्हा पाच जणींना चांगलीच ओळख आहे. मुलांच्या डब्यासाठी तुम्ही पहाटे उठून चटणी वाटलीत, ब्रेडच्या कडा कापल्यात, कारण त्यांना कडा आवडायच्या नाहीत, आणि त्या कडा टाकवेनात म्हणून उभ्याने चहात बुडवून खाल्ल्यात. मीही खाल्ल्या आहेत. सँडविचचा मधला, लोणी-चटणी मुरलेला भाग आपल्या वाट्याला फारसा आलाच नाही. आता कुणीतरी बनवून, कापून, ताटलीत घालून तुमच्यापुढे ठेवणार आहे आणि तुम्हाला फक्त मैत्रिणींशी बोलायचं आहे. यात वयाचा संबंध कुठे येतो? आमच्या पिढीच्या पुणेकरांना गुडलकचा बन मस्का, कयानीची श्रूजबेरी, मार्झोरिनचं चिकन सँडविच हे सगळं कधीतरी पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि तेव्हाही घरात कुणीतरी 'कशाला बाहेरचं' म्हटलंच होतं.

सँडविच आवडलं नाही तर? तेही होईल. मला स्वतःला राय ब्रेड आजवर आवडलेला नाही, त्यातला जिऱ्यासारखा वास मला ब्रेडमध्ये नको वाटतो. एखादा तुकडा तसाच राहिला तर राहू दे. जे आवडलं त्याचं नाव मात्र कागदावर लिहून आणा. तुमच्यातली कुणी पुढे घरी करून बघेल, आणि मग फोकाचा कल्याणीनगरहून आणायची गरज नाही, कोथरूड-डेक्कनच्या काही बेकऱ्यांत आता तो मिळतो.

ग्रुपवर अजून काही टाकू नका. हौशी मैत्रिणीलाही दोन दिवस थांबवून धरा. आधी ज्या मैत्रिणीला तुम्ही जपताय तिला फोन करा, आजच, चारनंतर. मिस्टर झोपलेले असतील. पहिली दहा मिनिटं त्यांच्या तब्येतीची चौकशी करा, घाई करू नका, आणि मग म्हणा, 'अगं, कांदेनवमीचा एक बेत आहे, तीनशेच्या आत बसवायचाय, तू हिशेबाला बस ना माझ्याबरोबर.'